पानफुटीची रात्र

आमच्या लातूरच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडरचा एक खिळा होता. वर्ष संपलं की जुनं कॅलेंडर उतरायचं आणि नवं येईपर्यंत दोन-चार दिवस तो खिळा रिकामा असायचा. २०१२ सालच्या अखेरीस माझ्या मुलीनं त्या खिळ्याला एक जाडसर हिरवं पान टोचून ठेवलं. शाळेत बाईंनी करून बघायला सांगितलं होतं म्हणे. नवं कॅलेंडर मी शेजारी दुसरा खिळा ठोकून लावलं आणि पानाकडे लक्ष द्यायचं विसरून गेले. संक्रांतीच्या सुमारास भाजी फोडणीला टाकताना सहज नजर गेली, तर पानाच्या कडेच्या खाचाखाचांतून केसासारखी गुलाबी मुळं बाहेर आलेली, आणि प्रत्येक मुळाच्या झुपक्यावर दोन-दोन पानांची जोडी. माती नाही, पाणी नाही, खत नाही. कोरड्या भिंतीवर, चुन्याच्या रंगावर सात रोपं उभी होती.

पान शेजारच्या काकूंच्या अंगणातलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "न्या की वं अजून. फेकलं तरी येतंय ते. मरत नाही." काकूंचं हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं चार वर्षांनी ते अक्षरशः खरं झालेलं पाहिलं, आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्याच झाडापायी घरात एक असा प्रसंग घडला की या झाडाविषयी आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे, हे एकदा नीट तपासून घ्यावं असं वाटू लागलं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, तेही मुलं शाळेत जाऊ लागल्यावर. जे काही वाचलं ते ग्रंथालयातून, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि शब्दकोश शेजारी ठेवून. त्यामुळे या लेखातलं अर्धं पुस्तकातलं आहे आणि अर्धं गच्चीवरचं.

पानफुटी हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना ठाऊक असतं. शाकीय प्रजननाचा धडा आला की बटाट्याच्या डोळ्याशेजारी हिचं चित्र असतंच. संस्कृत वळणाचं 'पर्णबीज' हे नावही वापरात आहे. निजामाच्या राज्यात वाढलेल्या आमच्या भागात जुनी माणसं हिला 'जख्म-ए-हयात' म्हणतात, कारण जखमेवर पान गरम करून बांधायची चाल होती. हिंदीत 'पत्थरचट्टा'. शास्त्रीय नाव कलांचो पिनाटा, आणि पूर्वीचं, अजूनही पुष्कळांच्या तोंडी असलेलं, ब्रायोफायलम. इतकी नावं पाहून वाटतं की झाड इथलंच असणार, चरक-सुश्रुतांच्या काळापासूनचं. तसं ते नाही. पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची. अठराव्या शतकाच्या अखेरीस, एकोणिसाव्याच्या सुरुवातीस ती हिंदुस्थानातल्या बागांमधून दिसू लागली. १८०५ साली लंडनमध्ये सॉल्सबरी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला ब्रायोफायलम हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ फुटणारं पान, म्हणजे आपली पानफुटीच. 'पर्णबीज' हे नाव संस्कृत वाटलं तरी वयानं ते मिरचीहून आणि बटाट्याहूनही धाकटंच असणार.

आता २०१६. लातूरकरांना ते साल सांगावं लागत नाही. मांजरा धरण आटलेलं होतं. नळ बंद, टँकर आठवड्यानं, पुढं पुढं त्याहूनही उशिरा. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पोहोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या दिवसांत कुंडीला पाणी घालणं हे पाप वाटायचं, आणि घातलंच तर शेजाऱ्यांची नजर चुकवून. भांडी विसळलेलं पाणी संडासासाठी, तांदूळ धुतलेलं पाणी फरशीसाठी. माझ्या गच्चीवर अठरा कुंड्या होत्या. मोगरा गेला, कढीपत्ता गेला, गुलाब तर पहिल्या पंधरवड्यातच गेले. जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा तीन कुंड्या जिवंत होत्या. एकीत कोरफड आणि दोहोंत पानफुटी. पानफुटीची खालची पानं गळून गेली होती, वरची सुरकुतून कागदासारखी झाली होती, खोड मात्र हिरवं होतं. चौथ्या दिवशी पानं पुन्हा फुगली.

कोरफड समजू शकते, तिच्या पानात पाणी साठलेलं दिसतंच. पण पानफुटीचं पान इतकं काही जाड नसतं. नुसत्या साठ्यावर ती अडीच महिने कशी निघाली, हा प्रश्न मला सोडेना. त्याचं उत्तर शोधताना मी जाऊन पोहोचले दोनशे वर्षांपूर्वीच्या एका पत्रापाशी.

पत्र लिहिणाऱ्याचं नाव बेंजामिन हाइन. जर्मन माणूस, मिशनरी म्हणून दक्षिणेत आलेला, नंतर मद्रासला कंपनी सरकारच्या नोकरीत वनस्पतींचं काम बघणारा. बंगळूरचा लालबाग काही काळ त्याच्याच देखरेखीखाली होता. लंडनच्या लॅम्बर्ट नावाच्या गृहस्थाला त्यानं जे कळवलं ते लिनियन सोसायटीच्या अंकात १८१५ मध्ये छापलं गेलं. गोष्ट साधी आहे. हाइनला झाडांची पानं चावून बघायची सवय होती. पानफुटीचं पान त्यानं सकाळी चावलं, तर ते आंबट लागलं. आपल्याकडे आंबटचुका असतो तसल्या पाल्याइतकं, किंबहुना त्याहून जास्त. तेच झाड दुपारी चावून पाहिलं तर पानाला काही चवच नव्हती. संध्याकाळी तर ते कडवटाकडे झुकलं होतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा आंबट. आम्ल म्हणजे प्राणवायूचा खेळ, अशी त्या काळची समजूत होती, म्हणून त्यानं स्पष्टीकरण त्या अंगानं दिलं. ते पुढं टिकलं नाही. निरीक्षण मात्र दोनशे वर्षं टिकलं. गंमत अशी की आपल्याच देशात, एका माणसाच्या जिभेवर लागलेला हा शोध आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. पानातून रोप फुटतं एवढंच येतं.

हाइनच्या जिभेला जे कळलं त्याचा उलगडा व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. झाडाच्या पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवेतला कार्बन डायॉक्साइड आत जातो आणि त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर निसटते. मोगरा, गुलाब, कढीपत्ता ही दारं दिवसा उघडतात, कारण अन्न करायला ऊन दिवसाच असतं. लातूरच्या एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता दार उघडं ठेवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पानफुटी दिवसा दारं लावून घेते आणि रात्री उघडते. हवा गार असते, वाफ कमी जाते. रात्री आत घेतलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या पोकळीत साठवते. सफरचंदाला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. पहाटेपर्यंत पान आंबट होतं. ऊन पडलं की दारं बंद, आणि आत साठवलेलं आम्ल मोडून त्यातला वायू मोकळा करायचा, त्याचं अन्न करायचं. संध्याकाळी साठा संपतो, आंबटपणाही संपतो. ज्या कुळात हे पहिल्यांदा नीट अभ्यासलं गेलं ते क्रॅसुलेसी, म्हणून या रीतीला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम म्हणतात, थोडक्यात 'कॅम'. कोरफड, निवडुंग, घायपात, अननस, आणि हल्ली आमच्याकडे शेतात सिमेंटच्या खांबांवर चढवतात ते ड्रॅगनफ्रूट, ही सगळी याच रीतीची झाडं.

हिशोब मांडायचा तर असा. हवेतला एक ग्रॅम कार्बन डायॉक्साइड कमवायला साध्या झाडाचं साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम पाणी वाफ होऊन जातं. कॅम रीतीच्या झाडाचं पन्नास ते शंभर. आणि पाण्याचा अगदीच खडखडाट झाला तर ही झाडं रात्रीचीही दारं लावून घेतात. मग स्वतःच्याच श्वासातून निघालेला वायू पुन्हा पुन्हा वापरत बसतात. वाढ शून्य, पण मरण नाही. २०१६ च्या मे महिन्यात माझ्या गच्चीवर हेच चाललं असणार.

हे वाचल्यावर मला स्वतः पाहिल्याशिवाय राहवेना. पान चावून बघणं मी टाळलं. त्याचं कारण पुढं येईल. जास्वंदीच्या लाल पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळून वाळवल्या. आम्ल लागलं की या कागदाचा रंग गुलाबी होतो, हे मुलांच्या विज्ञानाच्या वहीतलंच ज्ञान. डिसेंबरात पहाटे साडेपाचला पानफुटीचं पान कुस्करून त्याचा थेंब कागदावर ठेवला, तर लखलखीत गुलाबी. त्याच फांदीवरचं समोरचं पान संध्याकाळी पाचला घेतलं, तर कागद जांभळटच राहिला. मेमध्ये पुन्हा करून पाहिलं. पहाटेचा गुलाबी रंग फिका आला. त्याचं कारणही रात्रच. रात्र गार असली तर आम्ल भरपूर साठतं, रात्र तापलेली असली की साठा कमी. म्हणूनच आपल्याकडे पानफुटीचे खरे वाढीचे दिवस पावसाचा जोर ओसरल्यापासून माघ-फाल्गुनापर्यंतचे. उन्हाळ्यात ती नुसती तग धरते. त्या दिवसांत 'वाढत का नाही' म्हणून खत आणि पाणी ओतणारे लोक तिला मारतात.

इथून पुढचं सगळं या रात्रीच्या हिशोबावर बेतलेलं आहे.

माती. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत मुबलक काय असेल तर काळी माती. कापसाला, सोयाबीनला, तुरीला सोनं, पण कुंडीत तिच्यासारखी वैरीण नाही. ओली झाली की लोण्यासारखी, आठवडाभर वाळत नाही. वाळली की भेगा पडून मुळं तोडते. पानफुटीची मुळं उथळ आणि बारीक असतात, त्यांना दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. मी एक घमेलं काळी माती, एक घमेलं चाळलेला बारीक मुरूम, एक घमेलं जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण करते. मातीची कुंडी, तळाला मोठं भोक, त्यावर खापरी. कुंडी लहान असली तरी हरकत नाही. झाड कमरेएवढं, कधी छातीएवढं झालं की ते वरच्या भारानं कलंडतं, तेव्हा मोठी आणि जड कुंडी घ्यावी.

पाणी. थंडीत आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, तेही संध्याकाळी, आणि बोट दोन पेरं मातीत खुपसून कोरडं निघालं तरच. पावसाळ्यात मी कुंड्या वळचणीखाली घेते आणि पाणी घालतच नाही. माझी जितकी पानफुटीची झाडं मेली ती सगळी जुलै-ऑगस्टमध्ये, खोड बुडाशी काळं पडून. दुष्काळात एकही नाही. लातूर-नांदेडकडे घरोघरी आता पाणी शुद्ध करायची यंत्रं आहेत. त्यातून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालायची चाल पडली आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात बोअरच्या पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरला की समजावं. त्या पाण्यानं फरशी पुसावी. थर आधीच धरला असेल तर वरची बोटभर माती खरवडून टाकून द्यावी आणि पहिल्या मोठ्या पावसात कुंडी एकदा उघड्यावर धुऊन निघू द्यावी.

ऊन सकाळचं हवं. दुपारचं मे महिन्यातलं नको, पानांवर तपकिरी डाग पडतात. नांदेड गोदावरीच्या काठी, लातूरहून बरंच सखल आणि जास्त उकाड्याचं. २०१८ मध्ये मिस्टरांची बदली झाली म्हणून आम्ही इकडे आलो तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मला हा फरक झाडांनी शिकवला. किडींपैकी पिठ्या ढेकूण एवढाच काय तो त्रास. पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले की स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून काढावेत. आणखी एक पाहुणी आहे, पण तिला मी कीड म्हणत नाही. रेड पिएरो नावाचं लहानसं फुलपाखरू, काळं-पांढरं, मागच्या पंखावर नारिंगी ठिपक्याचं. ते पानफुटीवरच अंडी घालतं. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे शिरून आतला गर खाते आणि पान खिडकीच्या काचेसारखं पारदर्शक होतं. अशी पाच-सात पानं गेली तर जाऊ द्यावीत. झाडाला काही होत नाही आणि महिन्याभरानं गच्चीवर ती नारिंगी भिरभिर दिसते.

रोपं करणं हा या झाडाचा सगळ्यात सोपा भाग, आणि तरी त्यात लोक चुकतात. पान मातीत पुरलं जातं. पुरू नये, सडतं. झाडाच्या खालच्या अंगाचं जून, जाड, जांभळट कडेचं पान घ्यावं, एक दिवस सावलीत ठेवावं आणि ओलसर वाळूवर नुसतं आडवं टेकवावं. दहा-पंधरा दिवसांत खाचांमधून मुळं निघतात. पाणी शिंपडण्याचीही फार गरज नसते, कारण पिलांना पाणी आणि अन्न आईचं पानच पुरवतं. ते सुरकुतत जातं आणि पिलं वाढत जातात. पिलांना चार पानं आली की अलगद सुटी करून लावावीत. आई-पान वाळायच्या आत ओढून तोडायची घाई करू नये. लवकर मोठं झाड हवं असेल तर वीतभर फांदी कापावी, जखम तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावी आणि मग लावावी. ओल्या जखमेची फांदी लावली की बुरशी ठरलेली.

पान झाडावर असताना सहसा फुटत नाही, तोडल्यावर फुटतं. हे असं का? या एका प्रश्नानं जॅक लोब नावाच्या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाला पछाडलं होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यानं पानफुटीची पानं वर्षानुवर्षं कापली, टांगली, अर्धी पाण्यात बुडवली, वजनं केली. १९२४ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, त्याचं पुनर्निर्मितीवरचं पुस्तक आलं, ते जवळजवळ सगळं या एका झाडावर उभं आहे. पानाचं वजन जितकं जास्त, तितकी पिलांची एकूण वाढ जास्त, हे त्यानं मोजून दाखवलं. पान खोडाला जोडलेलं असेतो पानातला माल खोडाकडे जातो, तोडलं की तो खाचांना मिळतो, असं त्याचं म्हणणं. पुढच्या लोकांनी त्यात संप्रेरकांची भर घातली. आपल्या कामाचं त्यातून एवढंच, की जाड पान निवडावं आणि त्याला खोडाचा तुकडा ठेवू नये.

त्याच्या आधी शंभर वर्षं जर्मन कवी गटे याच झाडाच्या प्रेमात पडला होता. झाडाचा प्रत्येक अवयव म्हणजे मुळात पानाचंच रूपांतर, असं त्यानं १७९० मध्ये मांडलं होतं. त्यामुळे नुसत्या पानातून अख्खं झाड उभं करणारी पानफुटी हाती लागल्यावर त्याला किती आनंद झाला असेल! वायमारच्या घरात तो ती वाढवायचा आणि मित्रमंडळींना पानं वाटायचा. मारिआने फॉन विलेमर हिला त्यानं १८२६ मध्ये ही पानं चार ओळींसह पाठवली होती. जर्मनीत या झाडाला आजही गटेचं झाड म्हणतात. आमच्या काकू पानं वाटत होत्या त्याच पद्धतीनं तोही वाटत होता, फक्त काकूंनी कविता जोडली नाही. आणि पानापासून झालेलं रोप म्हणजे नवीन झाड नव्हेच. तेच झाड, जागा बदललेलं. काकूंचं जुनं घर पाडून आता तिथं इमारत झाली आहे. अंगणातली पानफुटी गेली. तीच माझ्या नांदेडच्या गच्चीवर आहे.

नांदेडला आल्यावर तीन वर्षं तिला फूल आलं नाही. लातूरला दर थंडीत यायचं. हातभर लांब दांडा, त्यावर खाली डोकं करून लोंबणारी फुगीर फुलं. हिरवट-जांभळट पाकोळीच्या आत लालसर पाकळ्या लपलेल्या, हुबेहूब आकाशकंदील. लहान मुलं कळ्या दाबून फट् असा आवाज काढतात. माती तीच, खत तेच, मग फुलं का नाहीत? उत्तर रस्त्यावर होतं. गॅलरीसमोर नगरपालिकेचा नाही तर महानगरपालिकेचा (नांदेडकर ही चूक लगेच दुरुस्त करतात) पांढरा दिवा रात्रभर जळायचा. कलांचोच्या जातींना फुलायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. रोपवाटिकांत मिळणाऱ्या लाल-पिवळ्या फुलांच्या कलांचोला अवेळी फुलवायचं तर दुपार कलतानाच काळ्या कापडानं झाकतात, ते याच कारणासाठी. २०२१ च्या कोजागरीनंतर मी कुंडी मागच्या अंधाऱ्या बाजूला नेली. फेब्रुवारीत कंदील लागले.

आता तो प्रसंग. माझ्या धाकट्या दिरांना २०१९ मध्ये मूतखडा निघाला, नऊ मिलिमीटरचा. डॉक्टरांनी काढून टाका म्हणून सांगितलं. सोयाबीनच्या राशीचे दिवस होते, पैशांची ओढ होती. कुणीतरी सांगितलं की पानफुटीची दोन पानं रोज सकाळी अनशापोटी चावून खा, खडा विरघळतो. लातूर सोडताना एक कुंडी मीच त्यांच्या अंगणात ठेवून आले होते. फोनवर मला विचारलं, "वहिनी, खाऊ ना?" मी म्हणाले, "खाऊन बघा भाऊजी, अपाय तर नाही." महिन्याभरात दुखायचं थांबलं. त्यांचा फोन आला, "तुमच्या झाडानं काम केलं." मीही चार जणींना हे सांगितलं. पाच महिन्यांनी दुसऱ्याच कशासाठी तपासणी केली तेव्हा कळलं की खडा मूत्रवाहिनीत अडकून बसला आहे आणि उजवं मूत्रपिंड सुजून गेलं आहे. खडा मग काढला. ते मूत्रपिंड आता जेमतेम काम करतं.

नंतर वाचलं ते असं. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक आपोआप पडून जातात, पान खा नाही तर खाऊ नका. श्रेय पानाला मिळतं आणि ती गोष्ट गावभर फिरते. मोठा खडा वाट अडवून बसला तर सुरुवातीला कळा येतात, नंतर कधी कधी त्या थांबतात. त्या थांबल्या म्हणजे खडा गेला असं नव्हे. मूत्रपिंड आतल्या आत खराब होत राहतं, तेही मुकाट्यानं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. सकाळचं पान आंबट असतं हे खरं, पण खडा काही पानाच्या रसात बुडवून ठेवलेला नसतो. ते आम्ल पोटातच जिरतं. परीक्षानळीत आणि उंदरांवर पानाच्या अर्काचे काही परिणाम दिसले आहेत. माणसाचा नऊ मिलिमीटरचा खडा त्यानं विरघळतो, असं म्हणायला आधार नाही. शिवाय 'अपाय तर नाही' हे माझं वाक्यही चूक होतं. पानफुटीत बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात, ती हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. ऑस्ट्रेलियात रानोमाळ पसरलेल्या ब्रायोफायलमच्या जाती खाऊन गुरं मेलेली आहेत, आणि विषाचं प्रमाण सर्वांत जास्त फुलांत सापडलं. हृदयविकाराच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं तर या पानाच्या वाटेला जाऊच नये. नावांचा घोळ निराळाच. 'पत्थरचट्टा', 'पत्थरचूर', 'पाषाणभेद' या नावांनी निदान चार-पाच वेगवेगळी झाडं विकली जातात, त्यात पानओव्याची भावंडंही आली. कोण काय खातंय याचा पत्ता नसतो.

मी अजूनही पानं वाटते. पण प्रत्येक कुंडीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधते: लावण्यासाठी, खाण्यासाठी नाही. शेळ्या-वासरं बांधतात त्या जागेपासून लांब ठेवा. छाटलेली पानं नाल्याकाठी किंवा माळावर टाकू नका. हे शेवटचं अशासाठी, की फेकलं तरी येतं. गालापागोस बेटांवर आणि हवाईत ते तसंच आलं आणि तिथल्या मूळच्या झाडोऱ्यावर पसरलं.

दिरांच्या अंगणातली कुंडी उपटून टाकायची म्हणून जाऊबाई हटून बसल्या होत्या. त्यांनी ती टाकू दिली नाही. "झाडाचं काय चुकलं?" एवढंच म्हणाले. माझं चुकलं होतं, हे ते बोलले नाहीत, कधीच बोलले नाहीत. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी कंदील लागलेल्या दांड्याचा फोटो पाठवला, आणि मार्चअखेर फोन आला.

"वहिनी, फुलं वाळली सगळी. दांडा काढू का?"

"काढा भाऊजी. पण मुळापासून नका कापू, वीतभर खोड ठेवा. बुडातून नवे फुटवे येतात. आणि कापलं की आठ दिवस पाणी घालू नका."